धरणाखाली हिसक्याची गरी मारून सायप्रिनस काढता येईल का?

ब्रह्मपुरीकर

राम राम मंडळी,

गोसेखुर्द धरणाच्या खालच्या अंगाला वैनगंगेत आम्ही दोस्तलोक रविवारी गरी (गळ) घेऊन बसत असतो. सध्या सगळ्यांना मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहायचं वेड लागलंय. तिकडे धरणाच्या पायथ्याशी लोक ओळीने उभे असतात. लांब जाड रॉड, दोरीला शिशाचा वजनदार गोळा आणि तीन तोंडांची ही मोठ्ठी गरी. आमिष वगैरे काही नाही. लांब फेकायचं, हिसका द्यायचा, ढील गुंडाळायची, पुन्हा हिसका. मासा अडकतो तो तोंडाला नाही तर पोटाला, पाठीला, शेपटीला, जिथं टोक रुतेल तिथं. परके मासे आहेत म्हणून सरकारही काही म्हणत नाही म्हणे.

आपल्याकडे पावसाळा सरला, दरवाजे बंद झाले की खालच्या डोहांमध्ये सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि तिलापिया हे परके मासे खच्चून असतात. वाम, मरळ हाताला लागली तर नशीब. म्हटलं हाच प्रकार इकडे केला तर नदीचंही भलं आणि आपलीही मजा.

तशी गरी नागपुरात कुठे मिळते? ऑनलाइन दिसते, पण आकडे कळत नाहीत. कोणी वापरली असेल तर सांगा.

तुमसरचा_गरीवाला

गरी मिळून जाईल भाऊ, नाहीतर वेल्डिंगवाल्याकडून तीन जोडून घे. पण तिथला तळ पाहिला का? सगळा खडक. पहिल्याच हिसक्यात गरी, शिसं, दोरी, तिन्ही वैनगंगेला अर्पण.

आणि शिसं डोळे सांभाळून ओढ. गरी अडकलेली अचानक सुटली की गोळा सरळ तोंडावर येतो.

शिकागो_नागपुरी

मूळचा धरमपेठेतला, आता इलिनॉयमध्ये. हा प्रकार इथे डोळ्यांनी पाहिलाय, एकदोनदा हातही दुखवून घेतलाय, म्हणून लिहितो.

तुम्ही व्हिडिओत पाहताय ते बहुतेक सिल्व्हर कार्प, म्हणजे आपला चंदेरा, आणि त्याचा थोराड भाऊ बिगहेड कार्प. दोघेही इथले नव्हेत. १९७० च्या दशकात ते अर्कान्सा राज्यात आणले. मत्स्यतळ्यांमधलं शेवाळ आणि सांडपाण्याची तळी त्यांनी साफ ठेवावीत असा हिशेब होता. तिथून निसटले ते मिसिसिपीत आणि तिच्या उपनद्यांत शिरले. इलिनॉय नदीत मोटरबोट सुरू केली की चंदेरे घाबरून पाण्याबाहेर उड्या घेतात, पाचसहा किलोचा मासा छातीवर आदळून माणसं जखमी होतात.

आता हिसक्याची गरी कशासाठी, तर हा मासा आमिष खातच नाही म्हणून. तोंडाने पाणी आत घ्यायचं, कल्ल्यांमध्ये स्पंजासारखी गाळणी आहे तिच्यातून ते सोडायचं आणि मागे राहिलेलं सूक्ष्म शेवाळ गिळायचं, हे त्याचं जेवण. त्याच्या नाकापुढे गांडूळ नाचवा नाहीतर कणकेचा गोळा ठेवा, ढुंकून पाहणार नाही. त्यामुळे जाळं, धनुष्यबाण किंवा हिसका, हेच मार्ग उरतात. मिसुरी राज्यात पॅडलफिश नावाचा लांब चोचीचा मासा आहे, तो अस्सल तिथलाच. तोही गाळून खाणारा, म्हणून त्यालाही असंच धरतात. पण त्याला १५ मार्च ते ३० एप्रिल असा हंगाम बांधून दिलाय आणि माणशी दिवसाला दोनच मासे. परका मासा आणि घरचा मासा यांत सरकार एवढा फरक करतं.

धरणाखालीच का, तर वर चढायला निघालेला मासा भिंतीपाशी अडतो. दाटीवाटीने थांबतो. म्हणून आंधळा हिसकाही रिकामा जात नाही.

पण दोन गोष्टी व्हिडिओत दाखवत नाहीत. एक, नियम राज्यागणिक वेगळे आहेत. काही धरणांखाली हिसक्याला साफ मनाई आहे. देशी शिकारी मासा चुकून अडकला तर तिथल्या तिथे पाण्यात सोडावा लागतो. पोट फाटलेला मासा सोडून काय उपयोग, हा वेगळा विषय. परका कार्प जिवंत वाहून नेता येत नाही, कारण त्याची पिल्लं आमिषाला वापरतात त्या बारक्या माशांसारखीच दिसतात आणि कोणाच्या तरी बादलीतून दुसऱ्या तळ्यात पोचतात.

दुसरी गोष्ट म्हणजे एवढे रॉडवाले उभे राहूनही नदी काही रिकामी झालेली नाही. खरा उपसा होतो तो धंदेवाईक मच्छीमारांच्या जाळ्यांनी, आणि त्यासाठी सरकार पैसे देतं. शिकागोजवळच्या कालव्यात हे मासे मोठ्या सरोवरांत जाऊ नयेत म्हणून पाण्यात विजेचा अडथळा घातलाय. २०२२ मध्ये तर इलिनॉयने या माशांचं ‘कोपी’ असं नवीन नाव ठेवलं. का? लोकांनी विकत घेऊन खावेत म्हणून! बारशाला पाळणा तेवढा नव्हता.

ब्रह्मपुरीकर

वा, दादा, एकदम सविस्तर. म्हणजे आमिष खात नाही म्हणून हिसका. पण आमच्या डोहातला सायप्रिनस तर कणकेला लागतो की.

मत्स्य_तेलंगखेडी

इथेच गोम आहे. मी नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकलो, आता भंडारा जिल्ह्यात तळ्यांचं काम बघतो.

‘कार्प’ या एका नावाखाली तुम्ही तीन वेगळे मासे एकत्र करताय. आपल्याकडे मिश्र मत्स्यशेतीत सहा जाती सोडतात. कतला, रोहू, मृगळ हे देशी. चंदेरा, गवत्या (ग्रास कार्प) आणि सायप्रिनस हे परदेशी. चंदेरा आणि गवत्या भारतात आले १९५९ ला. सायप्रिनसचा आरशासारख्या मोठ्या खवल्यांचा प्रकार त्याही आधी, १९३९ ला, श्रीलंकेतून निलगिरीत आला आणि आज तळ्यात दिसतो तो बँकॉकचा वाण १९५७ मध्ये.

चंदेरा आणि गवत्याची अंडी पाण्यात अर्धवट तरंगत वाहत जावी लागतात, त्यासाठी लांब वाहती नदी हवी. साचलेल्या तळ्यात ते वाढतात, पण आपोआप वीण होत नाही. दरवर्षी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणून सोडावी लागते. सायप्रिनसचं तसं नाही. त्याची अंडी चिकट असतात, पाण्यातल्या गवताला, जलपर्णीच्या मुळ्यांना चिकटतात. साध्या बोडीत, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यातसुद्धा तो वितो. म्हणून सोडणाऱ्याने एकदा सोडला की पुढची पन्नास वर्षं तो तिथेच.

त्रास काय देतो? डुकरासारखा तळ उकरतो. चिखल तोंडात घ्यायचा, अळ्या-किडे ठेवून बाकी फुर्र करून बाहेर. पाणी गढूळ होतं, ऊन खाली पोचत नाही, तळाची पाणवनस्पती उपटली जाते. मग त्या वनस्पतीत अंडी घालणारे, पिल्लं लपवणारे देशी मासे जाणार कुठे?

म्हणजे तुमचा जो खरा उपद्रवी मासा आहे तो तोंडाने खातो, आमिषाला येतो. तिलापियाही गांडुळाला येतो. जो मासा गरी तोंडात घेतो त्याला पोटात गरी मारायची गरज काय? हिसका हा चंदेऱ्यावरचा उतारा आहे. तुम्ही तो दुसऱ्याच रोग्याला देताय.

आणखी एक. आमिषाची गरी निवडते. कणीक लावली तर सायप्रिनस, रोहू येतील. शिंगाळा, मरळ सहसा येणार नाहीत. हिसका काहीच निवडत नाही. धरणाखाली नेमके तेच देशी मासे दाटलेले असतात जे वर चढू पाहतात. आणि झिंगे! गोदावरीच्या खोऱ्यातला मोठा झिंगा समुद्राजवळच्या मचूळ पाण्यात जन्मतो आणि पिल्लं नदी चढत वर येतात. आधीच प्रत्येक बंधाऱ्याने त्याची वाट अडवलीय. २०१९ पासून प्राणहितेच्या संगमाखाली गोदावरीवर मेडिगड्डा आहे, आपल्याच नदीवर चामोर्शीजवळ चिचडोह आहे.

तुमसरचा_गरीवाला

आला बघा परीक्षेचा पेपर घेऊन 😄 पण पटलं बाप्पा.

डोंगेवाला

मी ढिवर. माहा बाप डोंगा चालवे, आज्या बी. तुमी लोकं सायप्रिनस सायप्रिनस करून रायले, मले सांगा, थे नदीत आनलं कोनं? आमी आनलं का? १९८८ ले गोसेचं भूमिपूजन झालं. तवापासून नदी पायली, धरन पायलं, माशाचं बीज सोडनारे पायले. आमाले कोनी इचारलं नाई का बा, कोनता मासा सोडू.

आता खाली पानी कधी येते, कधी नाई, थे दरवाज्यावर हाये. मासोया धरनाखाली गोळा होतेत हे आमाले तुमच्या व्हिडिओच्या आंधी मालूम हाये. पन आमी तेथं गरीनं फाडत नाई. फेकजाळ टाकतो. जाळ्यात आलेला मासा जित्ता असते, हातात घेऊन पायता येते. अंडीवाली वाम दिसली त सोडतो. गरीनं फाडलेली कोनती सोडसान?

तुमी रविवारी मजा कराले येता, आमचं पोट हाये तेथं. नदीवर या, ना नाई. पन आंधी इचारून या.

विदर्भ_एक्स्प्रेस

नदी कोणाच्या बापाची आहे का? सरकारची आहे. परवानगी कसली विचारायची.

डोंगेवाला

बापाचीच हाये. बापानं त्याच नदीत जीव सोडला.

मत्स्य_तेलंगखेडी

विदर्भ एक्स्प्रेस, जलाशयाचा मासेमारीचा ठेका सहसा स्थानिक मच्छीमार संस्थेकडे असतो. बीज त्यांनी पैसे भरून सोडलेलं असतं. नदीच्या पट्ट्यातही आधी गावच्या संस्थेत जाऊन विचारणं हेच शहाणपण. चहा मिळतो वर.

डोंगेवाले भाऊ, तुमच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर नाही माझ्याकडे. बीज सोडताना जात ठरवणारे लोक नदीकाठी बसत नाहीत, हे खरंच आहे.

कालवा_निरीक्षक_निवृत्त

माशातलं मला कळत नाही, पाण्यातलं कळतं. नोकरी याच खात्यात गेली.

गोसेखुर्दला ३३ दरवाजे आहेत. वर संजय सरोवर, पुजारीटोला, धापेवाडा इथून पाणी सुटलं की ते इथे येऊन धडकतं, मग इथलेही दरवाजे उघडावे लागतात. २०२० च्या ऑगस्टअखेरीस सगळे ३३ उघडले होते, भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. तुमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन असतं आणि पाणी शिवनी जिल्ह्यात पडलेल्या पावसाचं असतं. भोंगा वाजतो, गावात दवंडी जाते, पण खडकावर कानात इयरफोन घालून बसलेल्या पोराला तो ऐकू जात नाही.

दरवाज्यांच्या लगतचा भाग मनाईचा आहे. मासे नेमके तिथेच गोळा होतात, म्हणून पोरं तिथेच शिरतात. ओल्या, शेवाळलेल्या दगडावर दोन पाय रोवून पूर्ण जोराने हिसके मारायचे म्हणजे घसरायचा मुहूर्तच काढून ठेवायचा. बसायचंच तर खाली लांब, पळायला उंच काठ जवळ असेल अशा जागी. आणि नदीच्या मधल्या खडकावर कधीच नाही. पाणी वाढलं की आधी मागची घळ भरते, समोरची नाही. माणसाचं लक्ष समोर असतं.

उजनीकाठचा

सोलापूरकडून रामराम. तुमच्याकडे निदान सायप्रिनस तरी आहे. आमच्या उजनी धरणात चिलापीचंच, म्हणजे तुमच्या तिलापियाचंच राज्य. तोंडात अंडी घेऊन फिरणारा मासा तो, पिल्लं मोठी होईतो सांभाळतो, मग कमी होणार कसा? पण आमच्याकडे आता गिऱ्हाईकच चिलापी मागतं. रस्त्यावरच्या हॉटेलांत तीच. परका वगैरे कोणी म्हणत नाही. १९५२ साली आलेला मासा, आता त्याची तिसरी पिढी मतदार यादीत असेल.

शिकागो_नागपुरी

😂 हीच तर इलिनॉयवाल्यांची आशा आहे.

ब्रह्मपुरीकर

सगळ्यांचं वाचलं. काका, तुमचं घळीचं सांगणं ध्यानात ठेवतो. आमच्या नेहमीच्या जागेला मागे घळ आहे, हे तुमचं वाचून लक्षात आलं.

एक शंका. समजा खाली चंदेरा खरंच वाढला, तर? तेव्हा हिसका बरोबर ठरेल ना?

मत्स्य_तेलंगखेडी

चंदेरा वाढू शकतो, हे नाकारत नाही. हिमाचलात भाक्रा धरणाच्या गोविंदसागरात १९७१ ला पुरात एका मत्स्यबीज केंद्रातून चंदेरे वाहून गेले. वरून सतलजचं थंड, वाहतं पाणी मिळालं, तिथे त्यांची वीण सुरू झाली आणि जलाशयात कतला मागे पडला. दोघांचं खाणं एकाच थरातलं, वरच्या पाण्यातलं प्लवक. त्यामुळे आपल्याकडे तळ्यातून, शेततळ्यातून चंदेरा नदीत सुटू नये याला महत्त्व आहे. सांडव्याला बारीक जाळी लावा म्हणून मी लोकांच्या मागे लागतो ते त्यासाठीच. पहिल्याच मोठ्या पावसात जाळी कचऱ्याने तुंबते, बांध फुटेल म्हणून शेतकरी रात्री ती काढून टाकतो, आणि मग झालं. त्यालाही बोल लावता येत नाही.

पण वाढलाच तर आपल्याकडे डोंगेवाल्यांचं उभं जाळं आहे. चंदेरा आणि कतला पाण्याबाहेरही लोक ओळखत नाहीत, हिसका मारताना पाण्याखाली काय ओळखणार? कतल्याचे खवले मोठे, डोकं अवाढव्य. चंदेऱ्याचे खवले अगदी बारीक, चांदीचा पत्रा वाटावा असे, आणि डोळा तोंडाच्या रेषेच्याही खाली, जणू कोणी चुकून उलटा बसवलाय. पोटाखालून बोट फिरवलं की धार लागते. सायप्रिनस ओळखायला सोपा. तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या आणि पाठीवरचा पर लांबलचक, त्याच्या पुढच्या काट्याला करवतीसारखे दाते. हातात धरताना सांभाळून.

साकोली_साकोली

आणि तो विदेशी मांगूर? आमच्या इकडे कोंबडीच्या दुकानाचं घाण टाकून खड्ड्यात पाळतात लोकं.

मत्स्य_तेलंगखेडी

आफ्रिकन मांगूर. त्याच्यावर तर २००० पासून देशात बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादानेही साठे नष्ट करायला सांगितलेत. हवेतून श्वास घेतो, ओल्या जमिनीवर सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो आणि पुढे येईल ते खातो. गरीला लागला तर पाण्यात परत अजिबात टाकू नका. आणि देशी मांगूर समजून कोणी विकत असेल तर मत्स्य विभागाला कळवा. कोणी सुरुंगाच्या कांड्या टाकत असेल, पाण्यात विष कालवत असेल तर पोलिसांनाही सांगा. या दोन्हीला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे आणि ते हिसक्याहून शंभर पटीने वाईट.

अर्जुनीची_ताई

तुम्ही सगळे धरायचं बोलता, खायचं कोणीच बोलत नाही. 😊

आमच्या अर्जुनी मोरगावकडे ढिवर बायकांनी मामा (माजी मालगुजारी) तलावांतली बेशरमची झुडपं उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. किती ठिकाणी देशी मासे परत दिसू लागले. तिथं सायप्रिनस शिरला की लावलेलं सगळं मुळासकट वर तरंगताना दिसतं, जीव जळतो. तो जितका खाल्ला जाईल तितका बरा, म्हणून सांगते.

लोक म्हणतात चिखलाचा वास येतो. येतोच. मासा जिवंत असेल तर रात्रभर स्वच्छ पाण्याच्या टाक्यात ठेवा. नसेल तर लगेच पोट साफ करा, आतली काळपट झिल्ली खरडून काढा. तुकड्याच्या बाजूला लालसर काळं मांस असतं ना, तो पट्टाही काढायचा. वास तिथेच असतो. मग तांदळाच्या धुवणात अर्धा तास.

काट्यांचं म्हणाल तर सायप्रिनसच्या पाठीत दोन फाट्यांचे बारीक काटे असतात, पोराबाळांना देताना भीती वाटते. धारदार विळ्याने तुकड्यावर अगदी जवळजवळ आडवे काप द्या, कातडीपर्यंत, पण कातडी कापायची नाही. कापताना करकर असा आवाज येतो, तो काटा तुटल्याचा. हळद, मीठ, चिंचेचा घट्ट कोळ, लसूण-मिरची वाटून लावायची आणि जवसाच्या तेलात मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस. काटे कुरकुरीत होऊन जातात, लागत नाहीत. रस्सा करायचा तर चंदेरा नको, त्याचे काटे रश्श्यात सुटे होऊन घशात जातात.

डोंगेवाला

ताई, जवसाचं तेल आता कोनाच्या घरी रायते? पन बराबर सांगतलं.

ब्रह्मपुरीकर भाऊ, येसान त या. गरी, कनिक घेऊन या, थे हिसक्यावाली नोका आनू. मी जागा दाखवतो, खडक नाई तेथं. सायप्रिनस लागले त तुमी ठेवा, परत पान्यात नाई टाकाचं. वाम, मरळ, शिंगाळा लागला त मी सांगीन काय कराचं थे.

ब्रह्मपुरीकर

येतो दादा. दोस्तांनाही विचारतो. मागच्या वेळी आमची साधी कणीक पाण्यात लवकर विरत होती, गरीवर राहतच नव्हती. तुम्ही तिच्यात काय घालता?

डोंगेवाला

कनकीत ढेप (पेंड) कुटून टाका. शेंगदान्याची. जराशी बळीशोप भाजून, वास येते तिचा. पानी कमी, गोया बोराएवढा, अन हातात दाबून दाबून मळाचा. सरकीची ढेप नोका घेऊ, थे पान्यात पडली का सुटते.